चक्री धरणाऱ्याचा बाप आणि चाबी देणारा बाप

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि समस्त सभासद,
आमच्या कॉलनीचे नागरिक मंडळ, नागपूर

स. न. वि. वि.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर आपल्या मंडळाची बैठक झाली, तिला मी उशिरा पोचले. जिलबी वाटून झाली होती आणि ठरावही होऊन गेला होता. ठराव असा, की ज्यांची मुलं कॉलनीत गैरवर्तन करतील त्या पालकांकडून मंडळ ५,००० रुपये दंड घेईल, आणि असा पालक सभासद नसेल तर त्याला कॉलनीत धंद्याला जागा मिळणार नाही. ऐकायला सगळ्यांना सारखाच. पण सभासद नसलेला आणि कॉलनीत धंदा करणारा बाप आपल्याकडे एकच आहे, फाटकाजवळ इस्त्रीचा ठेला लावणारा प्रेसवाला. त्याच दुपारी त्याला ठेला हलवायला लावलं.

बैठकीत मी दोनदा हात वर केला. अध्यक्षकाका म्हणाले, "मॅडम, कायदा कोर्टात. इथं घरचा मामला आहे." म्हणून लिहिते आहे. आणि खुलं पत्र लिहिते आहे, कारण असा ठराव करणारी आपली एकच कॉलनी असेल असं मला वाटत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी फक्त दुसऱ्या मजल्यावरची वकीलबाई म्हणून माहीत आहे. गेली बावीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताच्या दाव्यांची कामं करते. कधी जखमीकडून उभी राहते, कधी विमा कंपनीकडून. मुलाच्या चुकीसाठी बापाला कुठवर धरायचं, हा प्रश्न माझ्या टेबलावर रोज येतो. पेढे घेऊन कोणी येत नाही, एवढं सांगते.

आधी झालं काय ते नीट लिहून ठेवते, कारण बैठकीच्या इतिवृत्तात ते एका ओळीत उरकलं आहे. संक्रांतीच्या संध्याकाळी पाच-साडेपाचला आपल्या गच्चीवर सात-आठ पोट्टे होते. डेक लावलेला, "ओ काट"चा गलका रिंग रोडपर्यंत जात होता. एक पतंग कटली. तिचा मांजा फाटकाबाहेरच्या रस्त्यावर आडवा आला आणि मोटारसायकलवरून जाणाऱ्या दूधवाल्या भाऊंच्या गालात शिरला. थंडी होती म्हणून गळ्याला मफलर होता. मफलर अर्धा चिरला, गालाला अकरा टाके पडले. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात त्यांच्यासोबत मीच गेले होते. ते सारखं एकच विचारत होते, "गाडी कोणी उचलली का? कॅन सांडल्या का?"

पोलीस आले तेव्हा गच्चीवर एकच जण सापडला. बाकीचे जिन्याने आपापल्या घरात गेले, त्यांची घरं त्याच जिन्यावर आहेत. प्रेसवाल्याच्या मुलाचं घर त्या जिन्यावर नाही. तो मांजाची चक्री हातात घेऊन उभाच राहिला.

तो अकरा वर्षांचा आहे. आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी पतंग उडवली आहे त्याला माहीत असतं, की चक्री धरणं हे गच्चीवरचं सगळ्यात खालचं काम. "ढील दे" म्हटलं की ढील द्यायची, "गुंडाळ बे" म्हटलं की गुंडाळायचं. पेच लढवणारा दुसराच असतो. त्या दोन चक्र्या कोणाच्या पैशाने आल्या, हे बैठकीतल्या निदान चौघांना ठाऊक होतं. नववीतल्या एका मुलाच्या वडिलांनी फोनवरून पैसे पाठवले होते. नाव मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही, ते पुढे येईलच.

आता तुमच्या ठरावाकडे येते. एक काका म्हणाले, "परदेशात मुलानं काच फोडली तर बाप भरते. आपल्याकडंच कायदा नाही." त्यातलं निम्मं खरं आहे. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत, अल्पवयीन मुलाने केलेल्या नुकसानीला आईवडील जबाबदार असतात, आणि "आमची काही चूक नव्हती" म्हणून त्यांना सुटता येत नाही. जर्मनीत बांधकामांच्या कुंपणावर पाट्याच असतात, "मुलांसाठी पालक जबाबदार". गंमत म्हणजे तिथला कायदा त्या पाटीएवढा कडक नाही. संहितेचं कलम ८३२ सांगतं, की देखरेखीचं कर्तव्य नीट पार पाडलेलं दाखवलं तर पालक सुटतात. पाटी धाक दाखवायला असते.

आपल्याकडे दिवाणी कायद्यात निव्वळ बाप आहे म्हणून मुलाने केलेलं नुकसान बापाच्या डोक्यावर बसत नाही. बापाची स्वतःची चूक दाखवावी लागते. धोक्याची वस्तू त्याने हातात दिली का? स्वतःच्या कामासाठी पाठवलं का? रोखता येत असताना बघत राहिला का? मला ही रचना पटते. मूल वाया गेलं म्हणून आईबापाला शिक्षा, असा सरसकट कायदा उद्या झालाच, तर तो पहिल्यांदा कोणावर पडेल ते आपण २६ तारखेला पाहिलं. बैठकीत एका ताईंनी विचारलं, "त्या वेळी त्याची आई काय करून राहिली होती?" उत्तर सोपं आहे. ती खाली ठेल्यावर होती. सणाच्या हळदीकुंकवासाठी आपल्याच साड्यांना प्रेस करत होती.

फौजदारी बाजूही पाहू. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा या वयात, केल्याचा परिणाम समजण्याइतकी समज त्याला आली नसेल, तर तेही गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेत ही कलमं २० आणि २१ आहेत. जुन्या १८६० च्या दंडसंहितेतही हेच होतं, आकडे तेवढे बदलले. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाबाबत कायदा पहिला प्रश्न विचारतो, की याला कळत होतं का? तुमच्या इतिवृत्तात तो प्रश्न कुठेच नाही.

पालकांना दंड करायची तरतूद कायद्यात आहे, हेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल वकीलबाई लपवतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १८ प्रमाणे चौकशीनंतर मंडळ मुलाला किंवा त्याच्या पालकांना दंड भरायला सांगू शकतं. समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन सांगू शकतं, समाजसेवाही. पण हे मंडळ म्हणजे बाल न्याय मंडळ. त्यात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत निदान एक स्त्री. आपलं नागरिक मंडळ ते नव्हे. दोघांच्या नावात मंडळ आहे, तेवढंच साम्य. सभासद नसलेल्या माणसाकडून ५,००० रुपये घेण्याचा अधिकार आपल्याला कोणत्याच कायद्याने दिलेला नाही, आणि पावती फाडून घेतले तर त्याला दंड म्हणत नाहीत, काय म्हणतात ते सचिवांनी मला विचारावं.

आणि फलकावरचा तो फोटो. फाटकाजवळच्या फलकावर तुम्ही मुलाचा फोटो, नाव आणि शाळेचं नाव लावलं आहे. त्याच कायद्याचं कलम ७४ चौकशीतल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रेसवाल्याकडून पाच हजार मागताना मंडळाने स्वतःच्या अंगावर केवढं ओढून घेतलं आहे, बघा. तो फलक बनवणाऱ्यांपैकी कोणाचाही फोटो मी लावणार नाही.

"हायकोर्टच म्हणते पालकांना धरा," हेही ऐकलं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ ला देशभर बंदी घातली. तरीही इथे दर संक्रांतीला गळे चिरत राहिले, तेव्हा आपल्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. पालकांच्या दंडाचा विषय तिथे निघाला तो विकणाऱ्यांच्या दंडाला जोडून. अर्थ सरळ आहे. मांजा मुलाच्या हातात कसा आला, त्या वाटेवर जे उभे आहेत त्यांना विचारा. दुकानदार, मग पैसे देणारा. साधा सुती मांजा, कितीही काच लावून सुतवला तरी, जोराचा ताण बसला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, म्हणूनच पोट्ट्यांना तो हवा असतो आणि म्हणूनच तो गालात शिरतो. नववीतल्या मुलाने दोन चक्र्यांचे पैसे मागितले तेव्हा "कुठला आणतोस?" एवढं विचारायला फोनमध्ये जागा होती.

माझं म्हणणं इतकंच आहे. मुलाच्या वळणाबद्दल आईबापाला कोर्टात खेचू नका. त्याच्या हातात काय दिलं, त्याबद्दल जरूर खेचा. आणि हे माप लावलं, की मग आपल्या कॉलनीतला दुसरा विषय आपोआप निघतो, जो २६ तारखेला कोणी काढला नाही.

दिवाळीच्या आठवड्यात आपल्या 'बी' विंगसमोर एका आजींना अ‍ॅक्टिव्हाने पाडलं. मनगट मोडलं. चालवणारा अकरावीत, वय सोळा. शिकवणीला निघाला होता. त्या दिवशी मंडळाची बैठक झाली नाही, फलक लागला नाही. आजींच्या मुलाला घरी बोलावून चहा पाजला गेला. सगळे म्हणाले, "जाऊ द्या, पोट्टं आहे." एक जण वर म्हणाले, "आपणबी नववीत लुना चालवली ना!"

लुनाचं काय आहे, तेही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ४ अठरा वर्षांखाली गाडी चालवू देत नाही, पण ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला सोळाव्या वर्षापासून मुभा देतं. लुना त्या मापात बसायची. आजची अ‍ॅक्टिव्हा शंभर सीसीच्या वरची आहे. म्हणजे आपल्या काळात सोळाव्या वर्षी परवाना काढून लुना चालवणारा मुलगा कायद्यात होता, आणि आज त्याच वयाचा तुमचा मुलगा नाही. नववीत चालवणारे तेव्हाही नव्हते, पण ते जाऊ द्या, गुन्ह्याची मुदत संपली. बॅटरीवरची छोटी स्कूटर घेतली तर चालतं का, असंही मला जिन्यात विचारलं जातं. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत. त्यावर गेली की तीही गाडीच.

आता २०१९ साली आलेलं कलम १९९-अ. हे प्रत्येक बापाने एकदा बसून वाचावं. अल्पवयीन मुलाने गाडीवर या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असं, की मुलाने गाडी चालवली ती पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच, असं न्यायालय गृहीत धरेल. सहसा फौजदारीत सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं. इथे बापाला सिद्ध करावं लागतं की मला माहीत नव्हतं, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती. तुमच्या चाबीच्या खिळ्यावर दिवसभर लोंबणारी चाबी, रोज सकाळी पावणेसातला गाडी काढणारा मुलगा आणि त्याच्या पेट्रोलचे पैसे देणारे तुम्ही. यात "माहीत नव्हतं" कुठे बसवाल?

कैदेची भीती कोणाला वाटत नाही, हे मला अनुभवाने कळलं आहे. म्हणून पैशाचं सांगते. अल्पवयीन, विनापरवाना मुलाने कोणाला उडवलं, तर विमा कंपनी न्यायाधिकरणापुढे म्हणते, की पॉलिसीची अट मोडली गेली आहे. न्यायाधिकरण बहुधा कंपनीला सांगतं, जखमीला आधी पैसे दे आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल कर. जखमीला पैसे मिळतात, ते बरंच आहे. वसुली मात्र बापाच्या घरावर येते. मी कंपनीकडून अशा वसुल्या केल्या आहेत. एकदा एका शिक्षकांच्या घराची जप्ती थांबावी म्हणून त्यांच्या पत्नीने कोर्टाच्या व्हरांड्यात माझे पाय धरले होते. गाडी शिक्षकांच्या नावावर, मुलगा सोळाचा, मेलेला माणूस घरातला एकटा कमावता. कोणाच्या बाजूने वाईट वाटून घ्यावं, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

"न विचारता नेली हो" हे म्हणणंही जुनं आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे २०११ मध्ये हेच आलं होतं. मालकाचं म्हणणं, एका अल्पवयीन पोराने मला न सांगता चाबी उचलली. न्यायालयाने सांगितलं, आपली मोटारसायकल, तीही अल्पवयीनाकडून, गैर वापरली जाणार नाही हे पाहणं मालकाचंच काम. वसुली मालकावर कायम राहिली.

पुण्याच्या कल्याणीनगरची १९ मे २०२४ ची रात्र सगळ्यांना आठवते. दोन तरुण अभियंते मेले, सतरा वर्षांचा मुलगा, आणि जामिनाच्या अटीतला तो तीनशे शब्दांचा निबंध. निबंधावरचे विनोद अजून ऐकू येतात. वडिलांवर बाल न्याय कायद्याची कलमं ७५ आणि ७७ लागली, हे किती जणांच्या लक्षात आहे? ७५ मुलाची हेळसांड करणाऱ्यासाठी आहे, ७७ मुलाला दारू देणाऱ्यासाठी. दोन्ही मोठ्या माणसांची कलमं आहेत.

तेव्हा आपल्या ठरावातलं 'गैरवर्तन' या मापाने मोजा. अ‍ॅक्टिव्हाची चाबी देणारा बाप १९९-अ खाली सरळ येतो. चक्र्यांचे पैसे पाठवणाऱ्या बापाला निदान एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. प्रेसवाल्याने मुलाच्या हातात काय दिलं होतं? त्या संध्याकाळी त्याला पाचशे रुपयांची चक्री घेऊन देणं परवडलंच नसतं.

यात आणखी एक माणूस उरतो, आणि ते सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. गच्चीच्या कुलपाची चाबी माझ्याकडे असते. मंडळानेच मागच्या वर्षी मला दिली, पोट्टे वर जाऊन टाक्यांची झाकणं उघडतात म्हणून. १४ तारखेला दुपारी तीनला पोरं दारात आली. मी एका दाव्याचे कागद वाचत होते. उठून चाबी दिली, मांजा कोणता आहे ते विचारलं नाही. उद्या दूधवाल्या भाऊंनी दिवाणी दावा लावला, तर धोका दिसत असताना काळजी न घेणाऱ्यांत माझं नाव प्रेसवाल्याच्या कितीतरी आधी येईल. समोरच्या बाजूने मी वकील असते, तर पहिला प्रश्न मीच मला विचारला असता.

त्यामुळे मंडळाने पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हे घ्यावं. फलकावरचा फोटो पत्र मिळताच काढावा, बैठकीची वाट न पाहता. ठराव मागे घ्यावा आणि ठेला फाटकाजवळ होता तिथे परत लागावा. 'बी' विंगसमोरच्या अपघाताची नोंद इतिवृत्तात घ्यावी. अ‍ॅक्टिव्हाबद्दल मी आज पोलिसांकडे जात नाही, आजींची तशी इच्छा नाही. पण ती गाडी सकाळी पावणेसातला फाटकातून पुन्हा बाहेर पडताना दिसली, तर मी जाणार आहे, आणि तेव्हा चहाला बोलावू नका.

दूधवाल्या भाऊंचे औषधाचे आणि बुडालेल्या आठ दिवसांचे पैसे किती झाले, ते मी विचारून घेतलं आहे. निम्मे मी देते. उरलेले चक्र्यांचे पैसे पाठवणाऱ्या गृहस्थांनी द्यावेत. त्यांनी माझं दार वाजवावं, नाव कुठे येणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी भाऊंच्या घरी जाणार आहे. कोणाला यायचं असेल त्यांनी फाटकाशी भेटावं. थोडं लवकर या, कारण प्रेसवाला सध्या चौकापलीकडच्या कडुलिंबाखाली बसतो आणि माझे दोन काळे कोट त्याच्याकडे आहेत, ते आधी घ्यायचे आहेत.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची वकीलबाई